बारा नावं, चोवीस नळ्या

‘तुमच्या नोकरीतले अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून द्या,’ असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की या गृहस्थांना माझं नाव दिलं कुणी, आणि का दिलं? निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, आजवर कुणाला माझी आठवण झाली नव्हती. पत्र उजेडात धरून पाहिलं, पाकिटावरचा शिक्का पाहिला. बायको म्हणाली, “तुम्ही देवळात चपला काढतानासुद्धा एक इकडे ठेवता आणि एक तिकडे. लिहा आता मुकाट्यानं.” म्हणून लिहितो आहे. पण स्वभाव आधीच सांगून ठेवलेला बरा. मी संशयी माणूस आहे. काही अंशी जन्मानं, आणि उरलेला नोकरीमुळे.

नोकरी होती डास आणि गोचीड पकडण्याची. लग्नाच्या बैठकीत माझ्या मामांनी ‘मुलगा सरकारी संशोधनात आहे’ एवढंच सांगितलं होतं, ते त्यांचं शहाणपण. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तापाच्या विषाणूंवर काम चालायचं. काही विषाणू डासाच्या चाव्यातून माणसात शिरतात, काही गोचिडीच्या. डेंगी त्यातलाच, मेंदूज्वरातला एक त्यातला, आणि माकडांपासून सुरू होणारा, जंगलात जाणाऱ्या माणसाला धरणारा एक ताप दक्षिणेकडे सापडला होता, तोही त्यातलाच. आता या कुळाला फ्लेविव्हायरस म्हणतात. आमच्या वेळी साधं ‘ब गट’ म्हणायचे. हे सगळे एकमेकांचे भाऊबंद, आणि भाऊबंदांसारखेच फसवे. माणसाच्या रक्तात एकाची खूण सापडली, तरी ती त्याचीच की चुलत्याची, हे छातीठोक सांगता यायचं नाही.

ती खूण कशी शोधायची, तेही सांगतो. रक्त नळीत ठेवलं की गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. ताप येऊन गेलेल्या माणसाच्या सीरममध्ये त्या तापाशी लढायला तयार झालेली द्रव्यं असतात. प्रयोगशाळेच्या आवारात राजहंस पाळलेले होते. त्यांच्या तांबड्या पेशी, विषाणूचा अर्क आणि माणसाचं सीरम असे तिघं एका लहान खळग्यात घालायचे. लढणारी द्रव्यं असली, तर पेशी तळाला गोळा होऊन शर्टाच्या बटणाएवढा ठिपका पडतो. नसली, तर तळभर पसरतात. ‘बटण पडलं का?’ हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न होता.

पण एका नळीनं काही सिद्ध होत नाही. बटण पडलं, तर ते आजच्या तापाचं की पाच वर्षांपूर्वीच्या? म्हणून रक्त दोनदा घ्यायचं. एकदा ताप अंगात असताना, आणि पुन्हा तीन आठवड्यांनी, त्याच माणसाचं. पहिल्या नळीत काही नाही आणि दुसरीत भरपूर, असं दिसलं म्हणजे चोर याच वेळी घरात शिरला होता असं खात्रीनं म्हणता येतं. ‘त्याच माणसाचं’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. मी तेव्हा ठेवले नाहीत.

साठीच्या दशकात आमचा तळ बोईसरला पडला. तारापूरला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि देशभरातून माणसं येत होती. घाटावरचे, खानदेशातले, हिंदी बोलणारे, सगळे एका चहाच्या टपरीवर. कोण कुठून काय घेऊन येतंय आणि इथल्या डासाला काय देऊन जातंय, हे पाहायचं होतं. शिवाय पूर्वेला डोंगरातले पाडे, गुरं, गवत आणि गोचीड. कामाला जागा उत्तम होती. फक्त तिथं कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता, आणि त्यात मी गेलो, म्हणजे आधीच उल्हास.

आमच्या नळ्या बर्फात घालून पुण्याला जायच्या. बर्फ मिळायचा सातपाटीच्या मासळीवाल्यांकडून, त्यामुळे पेटीला पापलेटचा वास कायमचा. बोईसर स्टेशनचा पार्सलबाबू वास घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. “रक्त म्हणता, आणि वास बोंबलाचा?” मी पेटी उघडून नळ्या दाखवल्या. तो मागे सरकला. नंतर शांतपणे म्हणाला, “नळ्या वर ठेवल्यात. खाली काय आहे?” मला राग यायला हवा होता, पण मला तो माणूस फार आवडला. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

दुसरा प्रसंग लढाईच्या वर्षातला. पाकिस्तानी सैनिक छत्रीनं उतरणार अशा वावड्या होत्या, दिव्यांना काळे कागद लावलेले. आणि आमचं काम दिवेलागणीचं. त्या वेळी डास गोठ्यात शिरतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काचेची नळी, तिला रबराची नळी जोडलेली, तिचं टोक तोंडात. भिंतीवर डास दिसला की हलकेच श्वास ओढायचा, तो नळीत येतो. मध्ये बारीक जाळी असते म्हणून घशात जात नाही. कारखान्याच्या वाटेवरच्या एका गोठ्यात मी असा उभा असताना एका हवालदारानं मला पाहिलं. माझ्या खिशात नकाशा होता आणि त्यावर गोठे टिंबांनी दाखवले होते. पुढचं सांगायला नको.

चौकीवर मला दोन तास बसवलं. सोडवायला आला जनार्दन राऊत. माकुणसारचा हा तरुण आमच्याकडे रोजंदारीवर मदतनीस होता. त्यानं हवालदाराला बाजूला घेतलं, हसला, म्हणाला, “अवो, डास पकडतात ते. येडे नायत, नोकरी हाय तशी.” पाच मिनिटांत मी बाहेर. वाटेत तो विचारत होता, “च्या घेणार का?” आणि मी मनात म्हणत होतो, या माणसाची पोलिसांशी इतकी ओळख कशी? आभार मानायचे राहूनच गेले.

राऊत कामाला वाघ होता. गोचीड गोळा करायला पांढरं फडकं गवतावरून ओढत न्यायचं असतं. मोहरीएवढ्या गोचिडी त्याला चिकटतात, मग चिमट्यानं वेचायच्या. मी एक फडकं ओढेपर्यंत तो तीन ओढायचा. रक्त काढायला शिकला तोही चटकन, हात हलका. आमच्या डॉक्टर मराठ्यांनी त्याला शब्द दिला होता, की हा हंगाम नीट पार पडला की तुला कायम करतो. डॉक्टर मराठे पुण्याहून महिन्यातून दोनदा यायचे. शिस्तीचे, कमी बोलणारे. राऊतच्या चुणचुणीतपणावर ते खूश होते आणि मला त्यातही पाणी मुरतंय असं वाटायचं. इतका चांगला माणूस रोजंदारीवर का राहील, हा माझा प्रश्न. त्याला दुसरं काम मिळत नव्हतं, एवढं साधं उत्तर मला सुचलं नाही.

पाड्यांवर आमच्याविषयी काय बोललं जायचं, ते राऊतच मला सांगायचा. रक्त तारापूरला नेतात आणि कारखान्याच्या पायाच्या खड्ड्यात ओततात, म्हणजे मशीन धरतं. मी एकदा सगळ्यांदेखत माझ्या दंडातून रक्त काढून दाखवलं. एक म्हातारी पुढं येऊन म्हणाली, “तुझं पण ओततात काय पायात? मंग तू रे का देतंस?”

आता मुख्य गोष्ट. एका वर्षी पावसाळा संपता संपता वाणगावच्या पूर्वेला एका पाड्यावर ताप पसरला. सांधे धरलेले, डोळे लाल, आणि एका बाईच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि ती गेली. डॉक्टर मराठे स्वतः धावत आले. त्यांनी मला एकच विचारलं, “गोचिडी किती आहेत?” मी म्हटलं, गुरांच्या कानांत जागा उरलेली नाही. त्यांचा चेहरा उतरला. हा दक्षिणेतला जंगलातला ताप असेल, तर सबंध डोंगरपट्टीला धोका होता. लोक गवत कापायला आणि लाकडाला जंगलातच जाणार. आणि साधा डेंगी असेल, तर गोष्ट निराळी. हे ठरवायला जोड्या हव्यात, म्हणाले, शिंदे, बाकी सगळं बाजूला ठेवा.

पहिल्या खेपेला राऊत नव्हता. माकुणसारला घरची भातकापणी म्हणून त्यानं आठ दिवस मागून घेतले होते. (नेमकी आत्ताच? असं मी म्हटलंच.) डॉक्टर आणि मी झोपडीझोपडीत गेलो. ताप असलेले बारा जण होते, कुणी उठून बसू शकत नव्हतं. मी एकेकाजवळ उकिडवा बसलो, दंडाला रबर बांधलं, रक्त घेतलं, नाव विचारून नळीवर चिकटवलं. तीन दिवस लागले. जान्या नावाचा एक बारीक चणीचा माणूस होता, त्याचा उजवा कान फाटलेला, कोल्ह्यानं लहानपणी ओढला होता म्हणे. सुई टोचताना तो माझं मनगट धरून होता. असे बाराही चेहरे माझ्या डोळ्यांत बसले. पाड्याचा म्हातारा लखमा दारात उभा राहून सगळं पाहत होता. निघताना मी त्याला सांगितलं, तीन आठवड्यांनी परत येऊ, पुन्हा घ्यावं लागेल. त्यानं वळून जान्याच्या झोपडीकडे पाहिलं.

डॉक्टर पुण्याला जाताना बजावून गेले, “दुसऱ्या वेळी दोघं मिळून जा.”

तीन आठवड्यांनी मी आणि राऊत गेलो. पाड्याच्या खाली ओढा आहे, तिथं गुरं पाण्यावर आलेली होती. गोचिडीही हव्याच होत्या. मी खाली बैलांपाशी थांबलो आणि राऊत यादी, सुया आणि नळ्यांचा डबा घेऊन वर गेला. दीड तासात परत आला. डब्यात बारा नळ्या, प्रत्येकीवर नाव, अक्षर सुरेख. “कोणीपण नाय बोललं नाय,” तो म्हणाला. खूश होता. मी नळ्या मोजल्या आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्या पाड्यावर पहिल्यांदा तीन दिवस लागले, तिथं दीड तास? एकही नकार नाही? सरकारी खात्यात इतकं सुरळीत काही होत नसतं.

पेटी पुण्याला गेली. पंधरा दिवसांनी डॉक्टर मराठे न कळवता बोईसरला आले. खोलीचं दार लावून घेतलं. जोड्या जुळत नव्हत्या. काहींच्या पहिल्या नळीत बटण होतं आणि दुसरीत नव्हतं. तीन आठवड्यांत माणसाच्या रक्तातून ते असं पुसलं जात नाही. प्रयोगशाळेतल्या बाई फार चिकित्सक होत्या. सीरमवरूनही रक्तगट ताडता येतो, तसा त्यांनी ताडून पाहिला. बारापैकी सात जोड्यांत पहिल्या नळीचा गट एक आणि दुसऱ्या नळीचा भलताच.

“शिंदे, ही माणसं तीच नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “दुसऱ्या वेळी तुम्ही कुठं होतात?”

मी सांगितलं, ओढ्यावर, गोचीड काढत होतो. रक्त राऊतनं आणलं. दीड तासात. आणि मग, न विचारता, मी पुढं बोललो. डॉक्टर, मला त्याच दिवशी शंका आली होती. मिळेल त्याचं रक्त घेऊन नावं चिकटवली असावीत. त्याला कायम व्हायचं होतं, काम झालेलं दाखवायचं होतं. डॉक्टरांनी ते मला लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं, सही केली. इतकी ठाम चिठ्ठी मी आयुष्यात दुसरी लिहिली नसेल.

राऊतला बोलावलं. तो उभाच होता. “बारा नावं पुकारली, बारा माणसं आली सायेब. मी कोणाला आधी बघितलेलं नाय. मी काय करू?” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. त्या संध्याकाळी राऊतनं डबा, चिमटे, फडकी, सगळं धुऊन माझ्या ताब्यात दिलं आणि घरी जायला सफाळ्याची गाडी पकडली. जाताना माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बोलला नाही. अपराधी माणूस बोलत नसतो, असा मी त्याचा अर्थ लावला.

शिमग्याला डोंगरातली सगळी माणसं कामावरून गावी परततात. गवत, वीटभट्ट्या, मिठागरं, जिथं असतील तिथून येतात. ती संधी साधून डॉक्टरांनी तिसऱ्यांदा रक्त घ्यायला मला पाठवलं. या वेळी एकट्याला. यादी हातात घेऊन मी पाड्याच्या मधोमध उभा राहिलो. माणसं बरी होती, हिंडतीफिरती होती, झोपडीझोपडीत जायचं कारण नव्हतं. मी पुकारलं, “जान्या!”

एक उंच, दणकट गडी पुढं आला आणि दंड पुढं करून बसला. मी त्याच्या कानाकडे पाहिलं. उजवा पाहिला, डावा पाहिला. दोन्ही धड.

“तू जान्या?”

“हा.”

“जान्याचा कान फाटका आहे.”

त्यानं आपला कान चाचपला. बाया हसायला लागल्या. लखमा पुढं आला, माझ्यासमोर बसला आणि पोराला सांगावं तसं सांगू लागला.

“हा देवजी. जान्याच्या नावानं आला. जान्याचं अंग अजून भरलं नाय. एकदा नेलं ना तू त्याचं रगत? मंग परत त्याचंच कशाला? देवजी धड हाय, त्याचं घे.”

“आणि मागच्या वेळी?”

“मागच्या वेळी पण तसंच. जे आजारी होते त्यांचं परत कसं द्याचं? आमी बसलो, बोललो, धड माणसं लावली. काही घरांत धड माणूस नव्हता, तिथं ज्याचं त्यानंच दिलं.”

“पण आमच्या माणसानं नाव घेतलं तेव्हा...”

“नाव घेतलं म्हणून तर ओ दिली.” लखमानं हातातली काडी मोडली. “पयले शेठचा माणूस यायचा कागद घेऊन. वेठीला. नाव पुकारायचा. ज्याचं नाव, तो तापानं पडला असंल तर कोण जाणार? भाऊ जायचा, शेजारी जायचा. त्याच्याच नावानं ओ द्यायची न् जायचं. शेठला दोन हात पायजे. तोंड कोणी बघत नव्हतं. तुमचा माणूस कागद घेऊन उभा राह्यला, नाव पुकारलं. आमी केलं ते.”

वेठ बंद होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. कागद घेऊन नाव पुकारणारा माणूस मात्र पाड्याच्या ध्यानात होता.

“त्याला सांगितलं का नाही?” मी विचारलं.

“त्यानं कुठं इचारलं? न् रगत काय, सगळ्यांचं तांबडंच ना?” मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. “तो कुठं हाय? बरा होता. सुई टोचली ती कळलीपण नाय.”

“त्याला काढून टाकलं.”

“का?”

“त्यानं खोटं रक्त आणलं असं वाटलं.”

“कोणाला वाटलं?”

माझ्या हातात जान्याच्या नावाची रिकामी नळी होती. मी म्हटलं, “मला.”

लखमानं ती नळी हातात घेऊन फिरवून पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला हिशेब लागत नव्हता, इतकंच. शेवटी म्हणाला, “तो कच्चा, रोजावरचा. तू पक्का, सायेबाचा माणूस. तू धड होतास ना रे? मंग त्याच्या नावानं तू ओ द्यायची.”

मी त्या दिवशी झोपडीझोपडीत जाऊन, चेहरे ओळखून, खऱ्या बाराजणांचं रक्त घेतलं. जान्यानं या वेळीही माझं मनगट धरलं. लखमानं अडवलं नाही, मात्र सगळे नाखूश होते. त्या नळ्यांत बटणं पडली. ‘ब गटापैकी कुणीतरी’ एवढंच कळलं. ज्यांनी दुसऱ्या वेळीही स्वतःचंच रक्त दिलं होतं, त्यांच्या दोन्ही नळ्यांत बटण सारखंच होतं, म्हणजे ते जुन्या तापाचंही असू शकत होतं. कोणता ताप, कधीचा, ते सांगायला तीन आठवड्यांनंतरची नळी हवी होती, आणि ती वेळ निघून गेली होती. त्या बाईचा जीव कशानं गेला, हे मला आजही माहीत नाही. पुढं तिथं तसा ताप पुन्हा आला नाही, हे आमचं नशीब. त्याचं श्रेय विज्ञानाला देऊ नये.

वेठीची हकीकत मी डॉक्टरांना सविस्तर लिहून कळवली. ती त्यांना महत्त्वाची वाटली. पुढं आमच्याकडे नियमच झाला, की दुसऱ्या वेळी नाव पुकारायचं नाही, पहिल्या वेळी गेलेल्या माणसानंच जायचं आणि चेहरा पाहून रक्त घ्यायचं. ती सूचना माझ्या नावावर आहे. पुण्यात तिचं कौतुक झालं.

आणि मग डॉक्टर मराठ्यांचं पत्र आलं. राऊतनं माकुणसारहून अर्ज केला होता. अर्जात एक वाक्य असं होतं, की मी लोकांना ओळखत नसल्यामुळे शिंदे साहेबांना सोबत चलण्याची विनंती केली होती. डॉक्टर न्यायी माणूस होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘लबाडी नव्हती हे कळलं, पण माणसं न ओळखता रक्त घेतल्याचा दोष उरतो. हे खरं असेल तर तोही राऊतकडे राहत नाही आणि त्याला परत घेता येईल. राऊतनं तुम्हाला बोलावलं होतं का? एका ओळीत कळवा.’

माझी बढतीसह पुण्याच्या बदलीची ऑर्डर त्याच महिन्यात निघणार होती. बायको तीन वर्षं साताऱ्याला सासरी होती. ‘दोघं मिळून जा’ असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. हे सगळं कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. पत्र मी चार दिवस खिशात बाळगलं. पाचव्या दिवशी एका ओळीत उत्तर लिहिलं: ‘असं काही झाल्याचं आठवत नाही.’

राऊतला परत घेतलं नाही. पुढं तो तारापूरला बांधकामावर लागला असं पार्सलबाबूकडून ऐकलं. एकदा पुण्याहून कामासाठी गेलो असताना बोईसरच्या बाजारात दिसला. त्यानं हात वर केला, आणि मी, हा आता काय मागणार, या विचारानं दुसऱ्या गल्लीत वळलो. पुढं तो वारल्याचंही पार्सलबाबूकडूनच कळलं. आयुष्यभर मी माणसांवर संशय घेतला. त्या सबंध प्रकरणात ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो एकटाच सुटला, आणि बढती घेऊन पुण्याला गेला.

वर मी लिहिलं आहे, की मी बैलांपाशी थांबलो आणि राऊत वर गेला. ते पुरतं खरं नाही. राऊत दहा पावलं गेला आणि परत वळला. ओढ्यातल्या दगडावर उभा राहिला, डबा काखेत, यादी हातात. म्हणाला, “तुमी चला ना संगती. तुमी वळखता सगळ्यांना. मी नाय वळखत.” सकाळचे साधारण नऊ वाजले होते. चढ चांगलाच होता, माझे गुडघे दुखत होते आणि मी तांबड्या बैलाच्या डाव्या कानातली गोचीड काढत होतो. मान वर न करता मी म्हणालो, “यादी आहे ना हातात? नावं पुकार.”